कोपऱ्यावरच्या काकू आणि एच-थ्री-प्लस

तीन दिवस भिजवलेले गहू वाटून झाले होते आणि मी अंगणात बसून कुरडयांचा चीक गाळत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला, "वहिनी, तुमच्याकडे चाळण्या किती आहेत?"

आमच्या आणि अण्णांच्या घरामध्ये कमरेइतकी भिंत आहे. सातपूरची ही घरं बांधली तेव्हा ती गुडघ्याएवढीच होती. पुढे दोन विटांचे थर चढले ते कुत्र्यांसाठी, माणसांसाठी नव्हे. या भिंतीवरून आजवर कढीपत्ता गेलाय, विरजण गेलंय, पाना-पक्कड आलीय, दोन लग्नांच्या पत्रिका आणि एक मांजर इकडचं तिकडे झालंय. चाळणी मात्र कुणी मागितली नव्हती.

"तीन आहेत. गव्हाची, रव्याची, मैद्याची. माईंना काय चाळायचंय?"

"माई झोपलीय. मलाच बघायच्यात." आणि अण्णांनी खिशातून व्हर्निअर काढला.

अण्णा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण व्हर्निअर काही सुटला नाही. माझ्या भाकरीची जाडी त्यांनी मोजलीय, कडेला साडेतीन आणि मध्ये पाच मिलिमीटर, आणि "टॉलरन्सच्या बाहेर आहे" असं माईंदेखत म्हणून त्यांचा रात्रीचा राग ओढवून घेतलाय. त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी तिन्ही चाळण्या भिंतीवर ठेवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गव्हाच्या चाळणीच्या भोकात व्हर्निअरचे वरचे दात घातले आणि म्हणाले, "दोन मिलिमीटर. बरोबर. म्हणजे हीसुद्धा नाही चालणार, खोडदची तर नाहीच."

"खोडदला कसली चाळणी?"

"काल गेलो होतो ना नातवाला घेऊन! अठ्ठावीस फेब्रुवारी, विज्ञान दिन. त्या दिवशी दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, आणि तिथून आत. पोरांची जत्रा नुसती. शाळाशाळांचे प्रयोग मांडलेले."

खोडदची दुर्बीण मला ऐकून माहीत होती. जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्याच्या केंद्राकडून चालते, हे पेपरात वाचलेलं. नारायणगाव म्हटलं की मला आधी तमाशाच्या राहुट्या आठवतात आणि मग टोमॅटो. दुर्बीण तिसऱ्या नंबरला.

"तीस तबकड्या आहेत वहिनी. एकेक पंचेचाळीस मीटरची. चौदा मध्ये दाटीनं, सोळा तीन दिशांना पसरलेल्या, पार पंचवीस किलोमीटरपर्यंत. आणि एवढी मोठी तबकडी, पण पत्रा नाही हो कुठे! नुसती जाळी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची स्टेनलेसची तार, ती दोरखंडांवर ताणून बसवलीय. पलीकडचं आभाळ दिसतं आरपार. मधल्या भागात भोकं दहा मिलिमीटरची, कडेला जात जात वीसची."

"ती पण मोजलीत का?"

"नाही, तिथे व्हर्निअर काढला असता तर नातवानं ओळख दाखवली नसती. तिथल्या पोरानं सांगितलं."

तर त्या पोराची गोष्ट अशी. संशोधन करणारा कुणी तरुण मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती देत उभा होता. अण्णांनी कुठल्याशा दिवाळी अंकात अंधाऱ्या ढगांवरचा लेख वाचलेला. आकाशगंगेच्या पट्ट्यात जे काळे डाग दिसतात, ती भोकं नव्हेत, धुळीचे आणि वायूचे ढग आहेत, आणि त्यांच्या पोटात विद्युतभारित रेणू, म्हणजे रेणू-आयन, सापडतात असं त्यात होतं. अण्णांनी त्याला सरळ विचारलं, "इथून ते आयन दिसतात का?" तो म्हणाला, "काका, ते आमच्या चाळणीतून गळून जातात."

"आणि तुम्ही ते मनावर घेतलंत."

"घेणारच. क्वालिटीतल्या माणसाला चाळणीतून गळतंय म्हटल्यावर झोप लागेल का?"

मग त्यांनी ती गळती समजावली. अंधाऱ्या ढगात सगळ्यात बोलका जो आयन, त्याचं नाव एचसीओ-प्लस. एक हायड्रोजन, एक कार्बन, एक ऑक्सिजन अशी सरळ काडी आणि एक इलेक्ट्रॉन कमी. तो ८९.१९ गिगाहर्ट्झवर बोलतो. त्या लहरीची लांबी येते साधारण ३.४ मिलिमीटर. आता दहा मिलिमीटरच्या भोकातून साडेतीनची लहर परतायची कशाला? ती सरळ आरपार. खोडदची जाळी आहे लांब लहरींसाठी, वीस सेंटिमीटरपासून पुढे पार मीटरभर आणि त्याहून जास्त. हायड्रोजन अणूची २१ सेंटिमीटरची लहर तिथे छान पकडता येते. "म्हणजे गव्हाच्या चाळणीत रवा धरायला गेल्यासारखं," मी म्हटलं. "तेच तर!" अण्णा खूश झाले आणि मैद्याची चाळणी उन्हाकडे धरून उगाच बघत बसले.

मी चीक पिळत होते. गव्हाचा चोथा घट्ट दाबला की बोटांच्या फटीतून पांढरा चीक कसा हळूहळू येतो, त्याला घाई चालत नाही. अण्णांच्या बोलण्याचंही तसंच आहे. दाबत राहावं लागतं.

"पण अण्णा, काही दिसत नाही, हाती लागत नाही, मग एचसीओ-प्लसच आहे हे कशावरून?"

"स्पेक्ट्रो!" ते म्हणाले, आणि मी समजले की आता संध्याकाळ यातच जाणार.

एमआयडीसीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना स्पेक्ट्रो सांगावा लागत नाही. माझं आयुष्य स्वयंपाकघरात गेलं, म्हणून मला सांगितला. भट्टीत लोखंड वितळलं की पळीनं थोडं काढायचं, तांब्याच्या साच्यात ओतून चकती करायची, चकती घासून सपाट करायची, मशिनवर उलटी ठेवायची, अर्गॉन सोडायचा आणि ठिणगी पाडायची. त्या ठिणगीच्या उजेडाच्या रेघा मशिन वाचतं. कार्बनची रेघ वेगळी, मँगनीजची वेगळी, क्रोमची वेगळी. अर्ध्या मिनिटात कागद बाहेर: कार्बन इतका, सिलिकॉन इतका. "मी कधी कार्बन डोळ्यांनी बघितला नाही. पण रेघ बघून भट्टीवाल्याला सांगायचो, अजून दोन किलो टाक, आणि तो टाकायचा. आभाळातही तेच. फक्त चकती आणता येत नाही आणि ठिणगी आपण पाडायची नाही."

"मग रेघ येते कुठून?"

"गिअर," अण्णा म्हणाले. "ती काडी गरगरा फिरत असते. पण मनाला येईल त्या वेगानं फिरता येत नाही तिला. ठरलेले गिअर आहेत. पहिल्या गिअरमधून न्यूट्रलला आली की उरलेली ताकद बाहेर टाकते, ती बरोबर ८९.१९ वर. दुसऱ्या रेणूचा गिअरबॉक्स वेगळा, आकडा वेगळा."

हे मला पटलं. आमच्या गल्लीत कुणाची गाडी आली ते मी आवाजावरून सांगते, बघावं लागत नाही.

अडचण अशी की गाडी ओळखायला ती आधी कधी तरी ऐकलेली लागते. १९७० साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीकवर छत्तीस फुटांची दुर्बीण घेऊन डेव्हिड ब्युल आणि लुईस स्नायडर बसले होते, तेव्हा ही ८९.१९ ची रेघ पहिल्यांदा आली. एका ठिकाणी नव्हे, आभाळात चार-पाच जागी. आणि कुठल्याच वहीत तिची नोंद नाही! पृथ्वीवर कुठल्या प्रयोगशाळेत तो आवाज कुणी ऐकलेलाच नाही. त्यांनी तिला नाव देऊन टाकलं, एक्सोजन.

"म्हणजे गल्लीत नवीन बिऱ्हाड आलंय, रोज रात्री दिवा दिसतो, पण पाटी नाही."

"अगदी. आणि मग काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक आहे म्हणजे काय! जो तो तर्क करणार. हार्वर्डचे विल्यम क्लेम्परर म्हणून रसायनवाले होते, त्यांनी त्याच वर्षी लिहून टाकलं की हा एचसीओ-प्लस असणार. हातात पुरावा शून्य, नुसता हिशेब. लोकांना ते पचेना, कारण आयन म्हणजे टिकाऊ माल नाही. इथे पृथ्वीवर तो जन्मला की लगेच कुणाला तरी धडकून संपतो. ढगात तो बिऱ्हाड करून राहतो हे कसं मानायचं? शेवटी १९७५ साली विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत क्लॉड वुड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड नळीत भरून त्यात वीज खेळवली, त्या चमकत्या वायूत एचसीओ-प्लस तयार केला आणि त्याचा आकडा मोजला. बरोबर तोच.

पाच वर्षं. मला या सगळ्या हकीकतीत ही पाच वर्षंच जास्त आवडली. बिऱ्हाड आहे, दिवा आहे, एक माणूस म्हणतोय की मी ओळखलं, आणि दार काही उघडत नाही.

"ती चमकती नळी मी बघितलीय," अण्णा मध्येच म्हणाले.

"अमेरिकेत?"

"इथे! आपल्या एमआयडीसीत. प्लाझ्मा नायट्रायडिंग. गिअर, क्रँकशाफ्ट वगैरे कडक करायला भट्टीत टांगतात, हवा ओढून घेतात, नायट्रोजन-हायड्रोजन सोडतात आणि वीज देतात. बारक्या काचेतून आत बघायचं. जॉबच्या अंगावर जांभळट उजेड, कापसासारखा. केस डेप्थ तपासायला मी जायचो तेव्हा पाच मिनिटं त्या काचेला नाक लावून उभा राहायचो. आता काल त्या पोरानं सांगितलं की हायड्रोजन-नायट्रोजनच्या अशा उजेडात एच-थ्री-प्लस असतो आणि एन-टू-एच-प्लस पण असतो. दोन्ही अंधाऱ्या ढगातली मंडळी! चौतीस वर्षं मी त्यांच्या दारावरून येजा केली वहिनी, आणि कुणी ओळख करून दिली नाही."

खरं सांगायचं तर अण्णांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. माणसाला उशिरा कळलं की आपला वर्गमित्र मंत्री झाला, तर होतो तसा.

"हा एच-थ्री-प्लस कोण?"

"सगळ्याचा उगम तो."

ढगाच्या आत तपमान उणे २६३ च्या आसपास. उजेड नाही. एका घन सेंटिमीटरमध्ये दहा हजारांच्या घरात रेणू, आणि त्यातले जवळजवळ सगळे हायड्रोजनचे, जोडीजोडीनं. आपल्याला दहा हजार म्हणजे गर्दी वाटते. आपल्या अंगणातल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीचावर एकोणीस शून्यं इतके रेणू कोंबलेले असतात. पंप लावून उपसलेली नायट्रायडिंगची भट्टीसुद्धा त्या ढगापुढे त्र्यंबकचा कुंभमेळा. अशा थंडीत आणि अशा एकांतात कुणी कुणाशी बोलत नाही. दोन साधे रेणू चुकून भेटले तरी त्यांच्यात काही घडायला जी ऊब लागते ती नाही. नुसते बसून.

मग बाहेरून वैश्विक किरण येतो. (होमी भाभांनी ज्यांच्यावर आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवली, तेच हे किरण.) एखाद्या हायड्रोजनच्या जोडीतला इलेक्ट्रॉन तो उडवून लावतो. एका ठरावीक जोडीच्या वाट्याला हा तडाखा येतो तीनशे कोटी वर्षांतून एकदा, असा हिशेब आहे. पण ढगात जोड्याच इतक्या, की कुणाला ना कुणाला तो बसतच असतो. तडाखा बसलेली जोडी पुढच्या जोडीला भेटते आणि त्यातून तीन हायड्रोजनचा त्रिकोण तयार होतो. एच-थ्री-प्लस. त्याच्याकडे एक प्रोटॉन जादा, आणि तो त्याला जड झालेला. जो भेटेल त्याच्या पदरात टाकायचा. कार्बन मोनॉक्साइड भेटला, घे प्रोटॉन, झाला एचसीओ-प्लस. नायट्रोजन भेटला, घे, झाला एन-टू-एच-प्लस. नुसता ऑक्सिजनचा अणू भेटला तर त्यालाही देतो.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "अण्णा, या तर कोपऱ्यावरच्या काकू!"

अण्णा आधी दचकले. भिंतीवरून रस्त्याकडे बघून घेतलं. मग इतके हसले की चाळणी खाली पडली.

कोपऱ्यावरच्या काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांच्याकडे बातमी आली आणि ती संध्याकाळपर्यंत त्यांच्याचकडे राहिली असं कधी झालेलं नाही. भाजीवाला भेटला तर भाजीवाल्याला, इस्त्रीवाला भेटला तर त्याला, कुणीच नाही भेटलं तर फोन आहे. पण खरं बोलायचं तर त्या नसत्या तर आमच्या गल्लीत कुणाला काही कळलंच नसतं. कोण आजारी, कुणाकडे पाणी आलं नाही, कुणाच्या मुलीचं ठरलं. करोनाच्या दिवसांत दारं बंद होती तेव्हा कुणाला डबा हवा ते काकूंमुळेच समजलं.

"पण एक फरक आहे," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "काकू ऐकू येतात. एच-थ्री-प्लस ऐकू येत नाही."

आणि हा मुद्दा त्यांनी वर्कशॉपच्या भाषेत फार छान सांगितला. चाक नीट बॅलन्स केलेलं असेल तर कितीही फिरू दे, थरथर नाही, आवाज नाही. एका बाजूला जड असेल तर खडखडतं. एचसीओ-प्लसची काडी अशी एका बाजूला झुकलेली, विजेच्या हिशेबानं, म्हणून फिरताना रेडिओ लहरी टाकते. एच-थ्री-प्लसचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखा. पक्कं बॅलन्सिंग. सगळ्या ढगाला कामाला लावणारा तोच, आणि रेडिओच्या दुर्बिणीला त्याचा पत्ता नाही. जे. जे. थॉमसन यांना तो आपल्या नळीत १९११ सालीच सापडला होता. अंतराळात तो असलाच पाहिजे हे १९७३ पासून लोक गृहीत धरत होते. ताकेशी ओका यांनी १९८० साली प्रयोगशाळेत त्याच्या अवरक्त उजेडातल्या रेघा मोजल्या आणि मग आभाळात शोधायला लागले. ढगाच्या मागे एखादा तारा असेल तर त्याच्या उजेडातून हा त्रिकोण दोन बारीक रेघा कातरून नेतो, त्या बघायच्या. पंधरा वर्षं गेली. १९९६ साली टॉम गेबल आणि ओका यांना हवाई बेटावरच्या दुर्बिणीतून त्या रेघा दिसल्या.

"पंधरा वर्षं एका रेघेसाठी?"

"दोन रेघा," अण्णा म्हणाले. क्वालिटी.

आता एक गंमत अण्णांनी मागे ठेवली होती. एन-टू-एच-प्लसकडचा प्रोटॉन टिकत नाही. कार्बन मोनॉक्साइड समोर आला की तो हिसकावून घेतो, कारण त्याची पकड नायट्रोजनपेक्षा घट्ट. म्हणून मोनॉक्साइड भरपूर असेल तिथे एन-टू-एच-प्लस अंग चोरून असतो. पण ढगाच्या अगदी गाभ्यात थंडी एवढी की मोनॉक्साइड धुळीच्या कणांवर गोठून बसतो, जसं फ्रीजरमध्ये कडेला बर्फ धरतं. तो गोठला की एन-टू-एच-प्लसला रान मोकळं. ९३.१७ गिगाहर्ट्झवर त्याच्या रेघांचा झुपका १९७४ साली सापडला. दुर्बीणवाले आता उलटा अर्थ लावतात. जिथे मोनॉक्साइड गप्प आणि हा बोलतोय, तोच सगळ्यात थंड, सगळ्यात दाट गाभा. पुढे तारा जन्मायचा तर तिथेच.

"म्हणजे मोठ्या जाऊबाई झोपल्या की धाकटी बोलायला लागते," मी म्हटलं.

तेवढ्यात मोठ्या जाऊबाई उठल्या. म्हणजे माई. ओट्यावर येऊन त्यांनी भिंतीवर मांडलेल्या तीन चाळण्या, व्हर्निअर आणि नवरा बघितला आणि मला विचारलं, "काय बिघडवलं यांनी?"

माई धुळ्याकडच्या. त्यांच्याकडे या दिवसांत कुरडयांच्या जोडीनं ज्वारीचे बिबडे असतात आणि त्यांच्या मते बिबडे येत नाहीत त्या बाईला पापडाबद्दल बोलायचा अधिकार नाही. अण्णांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगायचा प्रयत्न केला. माईंनी ऐकलं आणि विचारलं, "त्याचा उपयोग काय?"

मला वाटलं अण्णा अडकले. पण नाही. "पाणी," ते म्हणाले. "एच-थ्री-प्लस ऑक्सिजनला प्रोटॉन देतो म्हटलं ना? तिथून एकेक हायड्रोजन चिकटत जातो, ओएच-प्लस, एच-टू-ओ-प्लस, एच-थ्री-ओ-प्लस, आणि शेवटी एक इलेक्ट्रॉन येऊन मिळाला की सुटतं पाणी. अंधाऱ्या ढगात पाणी होतं त्याचा हा एक रस्ता. बाकीचं धुळीच्या कणांवर होतं."

"गंगापूर धरणातलं?"

"तेही कुठून तरी आलंच असेल की."

माईंनी ते पाण्यापुरतं मान्य केलं आणि माझ्या पातेल्यात बोट घालून चीक चाखला. "अजून एकदा गाळ. कोंडा राहिलाय."

मी गाळत असताना अण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला खोडदपेक्षा जवळची वाटली. या ढगांच्या रसायनशास्त्रावर आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची एक परिषद थेट गोव्यात भरली होती. ३ ते ७ डिसेंबर १९८५. त्याआधी दिल्लीला संघाचं मोठं अधिवेशन झालं होतं. गोव्यातल्या परिषदेचा ग्रंथ मुंबईच्या टाटा संस्थेतल्या एम. एस. वर्द्या आणि एस. पी. ताराफदार यांनी संपादित केला. वर्द्या तारे आणि त्यांच्या वातावरणातले रेणू यांवर काम करणारे, ताराफदार ढगांतल्या रेणूंवर. डिसेंबरात गोवा म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं, आणि ही माणसं तिथे उणे २६३ वर बोलत बसली होती. मिलिमीटर लहरी ऐकायची तबकडीही आपल्याकडे होती, बंगळुरूला रामन संशोधन संस्थेत, १०.४ मीटरची. पण या लहरींना दमटपणा चालत नाही, हवेतली वाफ त्यांना पिऊन टाकते. म्हणून मोठ्या दुर्बिणी चिलीच्या वाळवंटात पाच हजार मीटरवर नेऊन ठेवल्यात.

"त्र्यंबकला ठेवली असती तर?" मी विचारलं.

"जून ते सप्टेंबर छत्री धरावी लागली असती."

दिवेलागण झाली. मी चीक झाकून ठेवला, रात्रभर तो खाली बसतो आणि सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. हात धुऊन आत जाणार, तोच लाइट गेली. एमआयडीसीकडची बाजू तेवढी पिवळट उजळलेली, बाकी आमची गल्ली गुडुप. कुकरची शिट्टी, कुणाचं तरी "आई, मोबाइल कुठंय" आणि भिंतीपलीकडून अण्णा, "वहिनी, गच्चीवर या. असा अंधार परत मिळायचा नाही."

आमच्या गच्च्या लागूनच आहेत, मध्ये नुसता कठडा. चंद्र अजून उगवला नव्हता. अण्णांनी पश्चिमेला तोंड करून उभं केलं. वर, निम्म्या आभाळाच्याही वर, तांबूस रोहिणी. तिच्या उजवीकडे जरा खाली कृत्तिकांचा घोस, तो मला लहानपणापासून येतो. उजवीकडेच पण वर, अग्नी तारा.

"आता हात सरळ करा, मूठ वळा. मूठ म्हणजे दहा अंश. रोहिणीला मुठीची डावी कड लावा. उजवी कड जिथे येते, त्याच्या आसपास तो ढग. वृषभेतला. टीएमसी-वन म्हणतात."

मी मूठ धरली. हाताला गव्हाचा आंबूस वास येत होता. मुठीच्या उजव्या कडेला बघितलं.

"काही नाहीये."

"तेच ते. तिथे काही नाही असं दिसतंय ना, तोच."

साडेचारशे प्रकाशवर्षं दूर. तिथून आज पोहोचणारी लहर निघाली तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पन्नासेक वर्षं होती. त्या काळ्या जागेत २००६ साली एक उलटाच आयन सापडला. सहा कार्बन, एक हायड्रोजन आणि इलेक्ट्रॉन कमी नव्हे, एक जास्त. त्याच्याही रेघा आधी अकरा वर्षं बिनपाटीच्या पडून होत्या, दुसऱ्या एका ताऱ्याभोवतालच्या वायूत. ऋण आयन अंतराळात कुणी पाहिलेलाच नव्हता, म्हणून सहसा कुणाला सुचलं नाही. अण्णा हे हळू आवाजात सांगत होते, देवळात बोलतात तसं. मी मूठ उघडून पुन्हा वळली. काही नाही. अगदी काळं. पण आता त्या काळ्याकडे बघवत होतं, नुसतं बघत उभं राहावंसं वाटत होतं.

खाली टॉर्चचा झोत फिरला. कोपऱ्यावरच्या काकू. "तुमच्याकडेही गेलीय ना लाइट?" म्हणून गल्लीभर विचारत आल्या होत्या. झोत वर आला, आधी माझ्या मुठीवर आणि मग अण्णांच्या चष्म्यावर.

"काय बघताय हो दोघं अंधारात?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांना हसू आवरेना. "काही नाही काकू," ते कसेबसे म्हणाले, "तिथे काहीच दिसत नाही, तेच बघतोय."

"अग्गोबाई," काकू म्हणाल्या आणि टॉर्च घेऊन पुढे गेल्या.

सकाळी चिकावरचं पाणी ओतून दुधाला गेले. दूधवाल्यानं पिशवी पुढे केली, मग जरा थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, अण्णांच्या डोळ्यांचं काय झालं? रात्रीपासून म्हणे त्यांना काहीच दिसत नाही?"